कुसुम हल्ली हळू बोलते

१२ ऑक्टोबर १९९३, मंगळवार

ही डायरी साठेसाहेबांनी दिली. वर्ष संपत आलं तरी त्यांच्या कपाटात कोरीच पडून होती. म्हणाले, "बोरसे, तुम्ही हल्ली फार विसरता. सांगितलेलं लिहून ठेवत जा."

कारण असं की काल तीन नंबर मशीन बंद ठेवायला त्यांनी सांगितलं होतं म्हणे, आणि मी ते दिवसभर चालवलं. मला आठवत नाही. सांगितलं असेल. मी काही वाद घातला नाही.

तर लिहून ठेवतो. सकाळी सात ते तीन पाळी, सिल्वासाच्या राखोली रस्त्यावरच्या कारखान्यात. धाग्याला पीळ आणि फुगारा देणारी मशीनं, माझ्याकडे चार. शनिवार-रविवार संध्याकाळी खानवेल रस्त्यावरच्या गार्डन हॉटेलात विकीच्या ऑर्केस्ट्रात बेंजो. दिवाळीत हॉटेलवर पाच दिवस कार्यक्रम. आमळीच्या खोलीत बायको कुसुम आणि मुलगी सरिता. सरिता तिसरीत.

एवढंच आहे. एका पानात मावलं.

१६ ऑक्टोबर, शनिवार

पाळी संपवून घरी, अंघोळ, साडेपाचला हॉटेलवर. मुंबईची दोन कुटुंबं, सुरतेची एक मोठी बस. हिरवळीवर खुर्च्या, झाडांना लाल-पिवळे बल्ब. आधी हाऊजी झाली, मग आम्ही. बावीस गाणी.

विकी ड्रम वाजवतो आणि गातोही. वापीचा आहे. सगळ्यांना 'भाई' म्हणतो, वयाने मोठ्यांनाही. मधल्या वेळात म्हणाला, "बोरसेभाई, वाजवताना काय मस्त हसता तुम्ही. लोकांना तेच आवडतं."

मी हसतो हे मला माहीत नव्हतं.

१९ ऑक्टोबर, मंगळवार

जेवताना कुसुम काहीतरी म्हणाली. "काय?" विचारलं तर "काही नाही" म्हणाली. कुसुम हल्ली हळू बोलते. पूर्वी आमच्या साक्रीकडच्या बायांसारखी मोठ्याने बोलायची, चाळीत सगळ्यांना ऐकू जायचं. शहरात राहून सुधारली असावी.

२४ ऑक्टोबर, रविवार

दसरा. सकाळी कारखान्यात मशीनांची पूजा, प्रत्येक मशीनला झेंडूची माळ. पूजेपुरती मशीनं बंद केली होती. सगळं थांबलं तरी माझ्या कानात बारीक शिट्टी वाजतच होती. मी बाकीच्यांच्या तोंडाकडे पाहिलं, कुणाला काही जाणवल्यासारखं दिसलं नाही.

दुपारी सरिताला वनगंगा बागेत नावेत बसवायचं ठरलं होतं. विकीने तीनलाच सरावाला बोलावलं. सरिता रडली नाही. पूर्वी रडायची. मोठी होते आहे.

२९ ऑक्टोबर, शुक्रवार

निघायच्या घाईत कुसुमने एक कागद पुढे केला. "इथं सही करा." शाळेचा शिक्का होता. मी विचारलं कशाची, ती सांगत होती, तेवढ्यात बाहेर कंपनीच्या गाडीने हॉर्न दिला. सही केली. तिने कागद दोनदा घडी करून डब्यात ठेवला.

आज दोन नंबरला धागा सारखा तुटत होता. अकरा वेळा.

३ नोव्हेंबर, बुधवार

कुसुमने विचारलं, दिवाळीला तिच्या माहेरी जायचं का, तिघांनी. हे नीट ऐकू आलं, कारण ती समोर येऊन उभी राहिली होती. मी म्हटलं, कसं जमणार, साठेसाहेबांनी दिवाळीतही दोन मशीनं चालू ठेवायला सांगितलीत आणि हॉटेलवर पाच दिवस कार्यक्रम. तुम्ही दोघी जा.

"नक्की?" ती म्हणाली.

"नक्की," मी म्हटलं. "तुम्हालाही बदल होईल."

ती बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली. मी घड्याळ बघितलं, सहा वाजले होते.

९ नोव्हेंबर, मंगळवार

दोघींना वापीला गाडीत बसवून दिलं. सुरतेहून पुढे साक्रीची एसटी. सामान बरंच होतं. शिलाईचं हातमशीनही पोत्यात बांधून नेलं. माहेरच्या बायांचे दिवाळीचे ब्लाउज शिवायचे असतील. सरिताची सगळी पुस्तकंसुद्धा. सुट्टीत अभ्यास करणार म्हणजे पोरगी गुणाची आहे.

गाडी सुटताना कुसुम खिडकीतून काही म्हणाली. इंजिनाच्या आवाजात कळलं नाही. मी हात हलवला.

खोली मोठी वाटली. झोप मात्र चांगली लागली.

११ नोव्हेंबर, गुरुवार

किलवणी नाक्यावर सरिताच्या शाळेच्या शेवाळेबाई भेटल्या. म्हणाल्या, सरिता हुशार आहे, तिकडे गेल्यावरही तिचं... पुढचं ट्रकमुळे ऐकू आलं नाही. मी म्हटलं, "हो हो, बघतो." बाई जरा चमकल्यासारख्या दिसल्या. मग "येते" म्हणून गेल्या.

१३ नोव्हेंबर, शनिवार

लक्ष्मीपूजन. पाळी केली. दोनच मशीनं, चौघे जण. डब्यात काल उरलेली भाकरी.

संध्याकाळी हॉटेल खचाखच. कारंज्याभोवती पणत्या, मुलांच्या हातात फुलबाज्या. सुट्टीवर आलेली माणसं ओळखू येतात, ती चालतात वेगळी, कुठेच पोचायचं नसल्यासारखी. बायका मोठमोठ्याने हसत होत्या. फर्माईशीच्या चिठ्ठ्या येत होत्या, ते बरं असतं, वाचता येतं. तोंडी सांगितलेलं मला गर्दीत कळत नाही.

सरिताच्या वयाची एक मुलगी स्टेजवर चढून नाचली. तिचे वडील खाली व्हिडिओ कॅमेरा घेऊन उलटे उलटे चालत होते, कुणाच्या तरी पायावर पाय पडला तरी कॅमेरा सोडला नाही. सगळे हसले. मीही हसत असणार, विकी म्हणतो तसा.

मला काही वाटलं नाही. बोटं आपोआप चालतात. दिवसा मशीन चालतं तशी.

१४ नोव्हेंबर, रविवार

पाडवा. पाळी. कार्यक्रम. चोवीस गाणी.

१५ नोव्हेंबर, सोमवार

आज भाऊबीज. शेजारच्या बायडाबाईंनी ओवाळलं. त्या इथल्याच, आमळीच्या मूळच्या. साठी ओलांडलेली. त्या सगळ्यांशीच ओरडून बोलतात, त्यामुळे त्यांच्याशी बोलणं मला सोपं जातं.

ओवाळून झाल्यावर ताटात करंजी ठेवली आणि समोर बसल्या. "भाऊ, कुसुमची चिठी आली का?"

"नाही. येईल पुढच्या आठवड्यात परत."

"कोन परत येनार?"

"कुसुम."

बायडाबाईंनी कपाळाला हात लावला. "तुला खरंच ठाव नाय? ती परत नाय येनार. पोरीचं नाव तिकडच्या शाळेत घातलंय. दाखल्यावर तूच सही केलीस ना? तुळस मला देऊन गेली. म्हनाली, त्यांनी विचारलं तर सांगा, नाय विचारलं तर नका सांगू. मी सहा दिस वाट पायली, तू इचारशील म्हनून."

मी करंजी खाल्ली. खोबरं ताजं होतं. मग म्हणालो, "भांडण तर काहीच झालं नाही."

"त्याच्यासाठीच," बायडाबाई म्हणाल्या.

साडेपाचला हॉटेलवर गेलो. वाजवलं.

१६ नोव्हेंबर, मंगळवार

आज पाळीवर दिवसभर वाट बघितली की आता वाईट वाटेल. दोन नंबरला धागा तुटला, जोडला. चार नंबरचे बॉबिन उतरवले. वाईट वाटायला मोकळी जागाच मिळाली नाही असं म्हणावं तर तसंही नाही. जेवणाची सुट्टी अर्धा तास होती. दिवाळी म्हणून कँटीनमध्ये कुणी नव्हतं. बसून राहिलो.

घरी येऊन कुसुमच्या बाजूची खुंटी पाहिली. एकही पातळ नाही. गेले सात दिवस ती रिकामीच होती आणि मी तिथे टॉवेल अडकवत होतो.

१८ नोव्हेंबर, गुरुवार

लाभपंचम. इकडे आजपासून सगळ्यांची दुकानं, कारखाने पुन्हा सुरू. हॉटेलवर शेवटचा कार्यक्रम. पाहुणे कमी होते.

कार्यक्रमानंतर विकी बेंजोच्या खोक्यावर येऊन बसला. "बोरसेभाई, रागावू नका. पाचही दिवस तुमचा बेंजो चढा लागत होता. मी खुणा करत होतो, तुम्ही बघतच नव्हता. आज त्या सुरतवाल्या काकांनी मला बाजूला घेऊन सांगितलं."

मी म्हटलं, मी तर जुळवून घेतला होता.

"कानाने जुळवला ना? यार, तिथेच तर लोचा आहे. आणि आवाज किती वाढवता! बाजूला बसून माझं डोकं दुखतं." मग माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "एकदा कान दाखवून या. नाताळला मोठा कार्यक्रम आहे. तोपर्यंत मी दुसरा माणूस बघतो, तात्पुरता."

बारा वर्षांचा असल्यापासून वाजवतोय. लग्नाच्या बँडमध्ये मैलभर चालत वाजवलंय. चढा लागला असं आजवर कुणी म्हटलं नव्हतं.

तरी राग नाही आला. विकी चांगला माणूस आहे.

२० नोव्हेंबर, शनिवार

संध्याकाळी घरी. साडेपाच वाजल्यावर उठून शर्ट घातला, मग काढला.

२६ नोव्हेंबर, शुक्रवार

वापीला कानाच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी मला एका छोट्या खोलीत बसवलं, कानांवर दोन वाट्यांसारखं यंत्र लावलं आणि म्हणाले, आवाज आला की हात वर करा.

बसलो. उजवीकडे काही आवाज आले, हात वर केला. मग डावीकडची वाट बघत बसलो. डॉक्टर काचेपलीकडे काहीतरी बटणं फिरवत होते. बराच वेळ झाला. शेवटी त्यांनी आत येऊन यंत्र काढलं. मी विचारलं, "डावा कधी सुरू करणार?"

डॉक्टर म्हणाले, "झाला."

डावा बराचसा गेला आहे. उजवा निम्मा. किती वर्षं कारखान्यात, असं विचारलं. नऊ. कानात काही घालता का? कापूस घालायचो पहिली दोन वर्षं, मग सोडला, कापसाने काही फरक पडत नाही असं सगळे म्हणायचे. डॉक्टर म्हणाले, गेलेलं येणार नाही, आहे ते सांभाळा, मशीनजवळून हला. आणि मला म्हणाले, "घरी कुणाच्या लक्षात आलं नाही?"

मी म्हटलं, बायको हल्ली हळू बोलते.

ते चिठ्ठी लिहू लागले. लिहिता लिहिता त्यांचं पेन थांबलं तेव्हा मला कळलं मी काय बोललो ते.

बाहेर येऊन स्टँडवरच्या बाकावर बसलो. सिल्वासाच्या तीन गाड्या सोडल्या.

२७ नोव्हेंबर, शनिवार

साठेसाहेबांकडे दोन दिवसांची रजा मागितली. चिठ्ठी दाखवली. त्यांनी ती दोनदा वाचली. मग उठून केबिनचं दार लावलं आणि माझ्या उजव्या बाजूला येऊन उभे राहिले. "म्हणजे त्या दिवशी तीन नंबरचं... तुम्हाला ऐकूच आलं नव्हतं?"

"नसेल," मी म्हटलं.

"मी डायरी दिली तुम्हाला!" ते म्हणाले. स्वतःवरच चिडल्यासारखे दिसले. रजा मिळाली. पॅकिंगला बदलीसाठी अर्ज करा म्हणाले, तिथे मशीन नाही.

सकाळच्याच गाडीने निघालो. आता नवापूरच्या स्टँडवर लिहितो आहे. साक्रीची गाडी तासाने आहे.

२८ नोव्हेंबर, रविवार

काल दिवेलागणीला पोचलो. सासूबाई ओट्यावर होत्या. "या जवाई, बठा," म्हणाल्या, जसं काही मी दर शनिवारी येतो. सरिताने पाण्याचा तांब्या आणून दिला आणि दाराआड उभी राहिली. पाहुण्याला देतात तसा दोन्ही हातांनी दिला.

जेवण झालं आणि काय बोलायचं याची जुळवाजुळव करत मी खाटेवर टेकलो. डोळे उघडले तेव्हा सकाळचे नऊ वाजले होते. अंगावर गोधडी होती. आयुष्यातली एवढी मोठी गोष्ट बोलायला आलो आणि झोपलो. सासूबाई म्हणाल्या, कुसुमने कुणाला उठवू दिलं नाही.

कुसुम पडवीत मशीनवर बसली होती. गावातल्या बायांचे ब्लाउज, परकर. चांगलं चाललेलं दिसलं. मी तिच्या समोर बसलो, डावा कान भिंतीकडे करून, आणि डॉक्टरांनी सांगितलेलं सगळं सांगितलं.

तिने मशीनचं चाक हाताने थांबवलं.

"म्हणजे तुम्हाला ऐकू येत नव्हतं?"

"नाही."

"मी वर्षभर बोलत होते. सरूला ताप होता त्या रात्री, मला इथं करमत नाही म्हणून, मला शिवणाचा क्लास काढायचाय म्हणून. मला वाटायचं, ऐकून गप्प बसता. मग मी बोलणं सोडलं." तिने पदर डोळ्यांना लावला. मला वाटलं, सुटलो. कान तर कान, निदान दोष माझा नव्हता.

मग तिने पदर खाली घेतला. आता ती मोठ्याने, एकेक शब्द सुटा करून बोलली, अगदी पूर्वीसारखी.

"पण लग्न झालं तेव्हा तर ऐकू येत होतं ना? तेव्हा कुठं उत्तर द्यायचे? मी काही म्हटलं की बेंजो काढून बसायचे. मागच्या उन्हाळ्यात मी सरूला घेऊन तुमच्या त्या हॉटेलवर आले होते. तुम्हाला सांगितलं नव्हतं. फाटकावरच्या माणसाने आत सोडलं नाही, पाहुण्यांसाठीच आहे म्हणाला. आम्ही कुंपणाबाहेर उभ्या राहून बघितलं. तुम्ही हसत होते. एवढं हसताना मी तुम्हाला कधी बघितलं नव्हतं. सरू म्हणाली, आई, ते पप्पाच आहेत ना?"

ते हसणं खरं नव्हतं, असं सांगावंसं वाटलं. पण मग घरी जे होतं ते खरं होतं असं म्हणावं लागलं असतं.

"मग आता?" मी विचारलं.

"आता सरूची शाळा इथं सुरू झाली. मार्चपर्यंत तरी मी हलणार नाही. त्याच्या पुढचं मला माहीत नाही." तिने चाक पुन्हा हातात घेतलं. "यायचं असेल तर येत जा. पण आलात तर या. नुसते येऊन बसू नका."

सरिता बारा वाजता एसटीपर्यंत सोडायला आली, मामाबरोबर. तिने हात हलवला नाही. मीही नाही.

गाडी पिंपळनेरच्या पुढे गेल्यावर मी दोन्ही हात काखेत घालून अंग चोरून बसलो. थंडी नव्हती. शेजारच्या म्हाताऱ्याने त्याची घोंगडी अर्धी माझ्या मांडीवर टाकली. नवापूर येईपर्यंत तसाच बसलो.

४ डिसेंबर, शनिवार

विकी घरी आला होता. नाताळच्या कार्यक्रमाला दुसरा माणूस मिळाला आहे, कॅसिओ वाजवतो. पण मला नुसतं तालावर बसायला, खंजिरी वाजवायला तरी या म्हणाला. "तुमच्याशिवाय स्टेज उदास दिसतो, बोरसेभाई."

मी नाही म्हटलं. का, म्हणाला. मी म्हटलं, शनिवारी साक्रीला जायचं असतं. हे वाक्य तोंडातून निघाल्यावरच मला कळलं की तसं आहे.

विकीने चहा घेतला. जाताना माझ्या उजव्या कानापाशी वाकून मोठ्याने म्हणाला, "भाभीला नमस्ते सांगा!"

८ डिसेंबर, बुधवार

पॅकिंगला बदली झाली. खोकी, चिकटपट्टी, शिक्के. इतकं शांत आहे की कानातली शिट्टी दिवसभर ऐकू येते. बरोबरचा सुकदेव नंदुरबारचा आहे. काय म्हणतो ते त्याच्या ओठांकडे बघितलं की पुष्कळ कळतं. नऊ वर्षांत मी कुणाच्या तोंडाकडे बघून ऐकत नव्हतो.

१२ डिसेंबर, रविवार

साक्री. कुसुम दिवसभर शिवत होती, एका लग्नघरचं काम आलं आहे. मी काज करून दिले, बटणं लावली. तिने तीन उसवून परत लावायला सांगितली. बोलणं तेवढंच. पण जेवताना माझ्या उजव्या हाताला बसली.

दुपारी ओट्यावर सरिता आली. तिच्या शाळेची सहल गेली होती, कुठल्याशा धरणावर. ती सांगू लागली. भराभर सांगते, मध्येच हसते, हसताना तोंडावर हात धरते. मला धरण कळलं, एक माकड कळलं, आणि कुणाचा तरी डबा. मी मान हलवत होतो. ती हसली तेव्हा मीही हसलो.

मग लक्षात आलं की हे तेच हसणं.

मी तिचा हात तोंडावरून हळूच खाली केला. म्हटलं, "सरू, मला काहीच कळलं नाही."

मला वाटलं आता उठून आत जाईल.

"काहीच?" ती म्हणाली.

"काहीच नाही. डबा कुणाचा होता?"

तिने एकदा आत आईकडे बघितलं. शिलाईचं मशीन थांबलं होतं. मग सरिता माझ्या समोर मांडी घालून बसली, गुडघ्याला गुडघा लावून, आणि माझ्या तोंडासमोर तोंड आणून ओरडली, "सगळं परत सांगू?"

"सगळं," मी म्हटलं. "बसमध्ये चढलात तिथपासून."